डिशचा सिग्नल सारखा जातोय? आधी वेळ लिहून ठेवा, शिडी नंतर लावा

आमचं गावचं घर चिपळूण तालुक्यात, अगदी घाटाच्या पायथ्याला. तिथे टीव्हीचा एकच प्रॉब्लेम पाच-सहा वर्षं चालू होता, जून लागला की सिग्नल जायला सुरुवात आणि शिमग्याच्या सुमाराला आपोआप नीट. मधले आठ-नऊ महिने कधी दिसतोय कधी नाही, चित्राचे चौकोन चौकोन होतायत, आवाज तुटतोय, मग निळी स्क्रीन आणि ‘नो सिग्नल’. डिशवाला यायचा, वर चढायचा, डिश जरा इकडे जरा तिकडे करायचा, चित्र आलं की तीनशे रुपये घेऊन जायचा, दहा-पंधरा दिवस बरे जायचे आणि परत तेच. घरात आई-आप्पा दोघंच, मी पुण्यात. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या नाहीत की आप्पांचा फोन ठरलेला, "गेला गो परत तो." पावसाळ्यात सहा वाजल्यापासून अंधारून येतं, वाडीत कोणी येत-जात नाही, अशा वेळी त्या दोघांना तो टीव्ही म्हणजे घरात बोलणारं तिसरं माणूस आहे, म्हणून मी ह्याच्या मागे लागले.

शेवटी २०२४ च्या नवरात्रात कारण सापडलं. पण ज्या पद्धतीने सापडलं ती पद्धत सगळ्यांना उपयोगी पडेल, कारण तुमच्याकडे आमच्यासारखंच कारण असेल असं अजिबात नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, ती समजली की निम्मी धावपळ वाचते. पूर्वी बांबूला अँटेना बांधायचो तेव्हा सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, अजून कमी झाला की अजून मुंग्या, म्हणजे बिघडतंय ते डोळ्यांना दिसायचं. डिजिटलमध्ये तसं होत नाही. सिग्नल शंभरावरून साठावर आला तरी चित्र तेवढंच स्वच्छ, चाळिसावर आला तरी स्वच्छ, आणि मग एका रेषेच्या खाली गेला की थोडा वेळ चौकोन आणि मग काहीच नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं की काल तर चांगला होता, आज अचानक काय झालं. अचानक काही झालेलं नसतं, सिग्नल कित्येक महिने काठावर चालत असतो आणि मग एखादी सर, एखादा वारा, एखादं दव त्याला खाली ढकलतं. डिशवाला येऊन हलवतो तेव्हा तो दोन-चार पॉइंट वर काढून देतो, चित्र येतं, पण मूळचं काठावर असणं तसंच राहतं. आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी परत जात होतं ते ह्याच्यामुळे.

म्हणून पहिलं काम म्हणजे रिमोटवर मेनूत जाऊन सिग्नलचं पान उघडायचं. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक लोक स्ट्रेंग्थ बघतात आणि म्हणतात सिग्नल तर ८५ आहे मग चित्र का नाही. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय एवढंच, डिश भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी एलएनबीचा (डिशच्या पुढे दांड्यावर असतो तो सिग्नल पकडणारा डबा) स्वतःचा आवाज केबलमधून येतच राहतो आणि ती पट्टी भरलेली दिसते. खरी पट्टी क्वालिटीची. स्ट्रेंग्थ आहे आणि क्वालिटी शून्य, तर केबल आणि एलएनबी बहुतेक जिवंत आहेत, डिशची दिशा हलली आहे किंवा समोर काही आडवं आलंय किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्ये घोळ आहे. दोन्ही शून्य, तर डिशला हात लावूच नका, केबल, कनेक्टर, एलएनबी किंवा अॅडाप्टर ह्यातलं काहीतरी गेलंय. नुसत्या ह्या दोन पट्ट्या बघून मी फोनवरून तीन नातेवाइकांना सांगितलंय की शिडी काढू नका, आधी बॉक्सच्या मागचा कनेक्टर घट्ट करा, आणि दोघांचं तेवढ्याने झालं.

दुसरं काम, वही. मी आप्पांना जूनमध्ये एक जुनी वही दिली आणि सांगितलं की जेव्हा जेव्हा जाईल तेव्हा तारीख, वेळ, पाऊस होता का, वारा होता का आणि क्वालिटीचा आकडा एवढं लिहा, परत कधी आला तेही लिहा. आप्पा पोस्टात होते, नोंदी ठेवायची सवय आहे, त्यांनी चार महिने न चुकता लिहिलं. ऑगस्टच्या शेवटी मी ते फोटो मागवून नीट बघितले तेव्हा कळलं की आम्ही इतकी वर्षं पावसाला दोष देत होतो ते चूक होतं. भर जुलैत धो-धो पावसात जायचा हे खरं, पण ऑगस्टमध्ये चार-पाच दिवस उघडीप होती, कडक ऊन, तेव्हाही जात होता. फक्त त्या दिवसांपुढे आप्पांनी ‘वारा’ लिहिलेलं होतं. आणि पहाटे वारा नसतानाही आकडा दुपारपेक्षा कमी होता, पानं भिजलेली असायची तेव्हा. हे ‘पानं’ मला तेव्हा सुचलं नाही, ते नंतर.

आता पावसाचं काय होतं ते सांगते म्हणजे खरा पाऊस आणि खोटा पाऊस वेगळा करता येईल. घरच्या डिशवर येतो तो केयू बँड, ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, त्याची लाट साधारण अडीच सेंटिमीटरची. पावसाचे मोठे थेंब ह्या लाटेला शोषतात आणि विखुरतात, त्यामुळे जोरदार सरीत सिग्नल जाणं हे कोणाच्याही डिशला होतं, त्याला इलाज नाही, दहा-पंधरा मिनिटांत सर ओसरली की यायला पाहिजे. पण नुसती भुरभुर असताना जात असेल तर पाऊस दोषी नाही, तुमचा सिग्नल आधीच काठावर आहे. आणि पाऊस थांबून दोन तास झाले, ऊन पडलं तरी येत नसेल तर कुठेतरी पाणी शिरलंय, कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीमध्ये. अजून एक गंमत, आपल्या अंगणात पाऊस नाही तरी सिग्नल जाऊ शकतो, कारण लाट तिरकी येते, दोन-तीन किलोमीटर आग्नेयेला मुसळधार चालू असेल तर ती त्याच पावसातून येत असते. आप्पांच्या वहीत अशा दोन नोंदी होत्या, "इथे कोरडे, घाटात काळे."

आग्नेय का, तर आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे, २०१६ ला बसवलेली. ती जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्वेला, जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर आहे. चिपळूणहून बघितलं तर तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून १३० अंशावर येतो, म्हणजे पूर्व आणि दक्षिणेच्या मधोमध, आणि जमिनीपासून साधारण ५९ अंश वर. नागपूरला हाच १४५ अंशावर येतो, उंची थोडीशीच जास्त. हे ५९ अंश नीट लक्षात घ्या, कारण डिश बघून वाटतं की ती अर्धवट आडवी कुठेतरी डोंगराकडे बघतेय. तसं नाही, ह्या डिश ऑफसेट असतात, एलएनबी खालून पुढे आलेला असतो, त्यामुळे डिशचं तोंड दिसतं त्यापेक्षा ती वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते. म्हणून सह्याद्री समोर उभा असला तरी आडवा येत नाही. आणि म्हणूनच झाडाकडे आपलं लक्ष जात नाही, डिशच्या समोर तर मोकळं दिसतं, झाड वर असतं.

दुसऱ्या कंपनीची डिश असेल तर दिशा वेगळी. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशावर, ती आमच्याकडून दक्षिणेकडे जास्त झुकते आणि बरीच उभी, ६६-६७ अंश. डिश टीव्हीची ९५ ला, म्हणजे फ्री डिशच्या अगदी शेजारी. एअरटेलची १०८ च्या आसपास, ती पूर्वेकडे जास्त आणि खाली, ४६ अंशाच्या जवळपास. म्हणून शेजाऱ्याची चालते मग आमची का नाही ह्या प्रश्नाला अर्थ नाही, दोघांच्या डिश आकाशातल्या वेगवेगळ्या जागी बघत असतात.

तर नवरात्र. घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, मी गावी होते. मला एक गोष्ट माहीत होती की वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, आपल्याकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्या काही दिवसांत रोज ठराविक वेळी थोडी मिनिटं सूर्याचाच रेडिओ गोंगाट डिशमध्ये शिरतो आणि सिग्नल जातो, कोणाचाही जातो, ह्याला सन आउटेज म्हणतात. फ्री डिशसाठी कोकणात ही वेळ ऑक्टोबरमध्ये सकाळी अकराला पाच-दहा मिनिटं कमी आणि मार्चमध्ये सव्वाअकराच्या आसपास. आता ह्यातली कामाची गोष्ट अशी की त्या वेळी सूर्य आणि उपग्रह एकाच दिशेला असतात. म्हणजे त्या वेळी डिशवर कशाची सावली पडत असेल तर तीच वस्तू उपग्रहाच्या आड येतेय. होकायंत्र नको, अॅप नको, मेकॅनिक नको. स्वच्छ ऊन मात्र पाहिजे.

मी पावणेअकरापासून मागच्या पडवीजवळ उभी राहिले. अकराला पाच कमी असताना आमच्या डिशवर सूर्यप्रकाश नव्हताच जवळजवळ, ठिगळं ठिगळं होती, बाकी सगळी सावली. मी वर बघितलं तर साग. वाऱ्याने पान हललं की सावली हलायची आणि आत आई ओरडून सांगत होती की चित्र अडकलं, आलं, अडकलं. (ते सन आउटेजमुळे पण असणार थोडंफार, पण त्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर दुपारी पण क्वालिटी ३० ते ४० मध्येच नाचत होती.)

मग सगळं जुळलं. साग पानगळीचा, माघ-फाल्गुनात त्याची पानं झडून जातात, शिमग्याला नुसत्या काटक्या उभ्या असतात, तेव्हा आमचा टीव्ही उत्तम. आणि सागाला नवी पानं फुटतात ती पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये ती केवढी मोठी होतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे पाऊस आणि पानं एकाच वेळी यायची आणि आम्ही वर्षानुवर्षं पावसाला धरून बसलो होतो. २०१६ ला डिश बसवली तेव्हा तो साग पडवीच्या पत्र्याएवढा होता, आठ वर्षांत चाळीस फुटांच्या वर गेला. ओलं पान तर कोरड्या पानापेक्षा जास्त अडवतं, पहाटेच्या दवाचा हिशोब तिथे लागला.

तुमच्याकडे झाड असेल तर एक साधं गणित देते. फ्री डिशसाठी ५९ अंश म्हणजे झाड डिशपासून जेवढं लांब, त्याच्या साधारण दीडपट उंचीपर्यंत चालतं, उंची डिशच्या पातळीपासून मोजायची. पंधरा फुटांवर झाड असेल तर डिशच्या वर बावीस-तेवीस फुटांपर्यंत ठीक, त्याच्या पुढे धोका. एअरटेलसारखी खाली बघणारी डिश असेल तर जेवढं अंतर तेवढीच उंची धरा. आणि आजची उंची धरू नका, पुढच्या पाच वर्षांची धरा, शेवगा-सुबाभूळ असेल तर दोन वर्षांत परत मोजावं लागेल. ऑक्टोबर किंवा मार्चपर्यंत थांबायचं नसेल तर फोनमध्ये उपग्रह दाखवणारी अॅप असतात, कॅमेऱ्यातून आकाशात ठिपका दिसतो, पण फोनचं होकायंत्र पत्र्याजवळ, लोखंडी गजांजवळ चुकतं, दोन पावलं लांब जाऊन बघा. दुसऱ्या कंपनीच्या डिशला सावलीची वेळ बदलेल, ऑक्टोबरमध्ये ८३ अंशवाल्याला पावणेबाराच्या आसपास आणि १०८ वाल्याला दहाच्या जरा आधी.

चुलतभाऊ म्हणाला साग तोडू. सोपं नाहीये ते, साग स्वतःच्या जमिनीतला असला तरी महाराष्ट्रात तो अनुसूचित झाडांमध्ये येतो, तोडायला वनखात्याची परवानगी लागते, आणि आप्पांनी तो आजोबांच्या वर्षश्राद्धाला लावलेला, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. डिश हलवली. मागच्या पडवीवरून काढून खळ्याच्या पलीकडे पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर, तिथून सागाचं अंतर चाळीस फूट.

आता हलवताना जे शिकलो ते सांगते, कारण इथे बरेच जण घाई करतात. जुनी डिश काढली तेव्हा दिसलं की भिंतीतले बोल्ट ढिले होते, हाताने हलत होते. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चिरा मऊ, त्यात ठोकलेला बोल्ट वाऱ्याने हलून हलून भोक मोठं करतो. साठ सेंटिमीटरच्या डिशला एक अंशाचा फरक पडला तरी क्वालिटी उतरते आणि दोन अंश फिरली की बहुतेक संपलंच, आणि एक अंश म्हणजे डिशचा काठ अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे, बस एवढंच. वर वानरं येऊन बसतात ती वेगळी. म्हणून ह्या वेळी सिमेंटच्या चौथऱ्यात दीड इंची पाइप उभा काँक्रीटमध्ये पुरला आणि त्याला डिश लावली. पाइप ओळंब्यात पाहिजे, तो तिरका असेल तर डिश डावी-उजवी करताना वर-खालीही होते आणि मग तासभर काही सापडत नाही.

दिशा लावताना आधी वर-खालीचा कोन जुन्यासारखा ठेवून नट अर्धे आवळायचे, मग डिश पूर्वेकडून दक्षिणेकडे अगदी हळू फिरवायची, प्रत्येक बोटभर फिरवल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. इथेच सगळे चुकतात, भराभर फिरवतात आणि उपग्रह निसटून जातो. क्वालिटी आली की डावीकडे उतरेपर्यंत, उजवीकडे उतरेपर्यंत बघून मधोमध आणायचं, मग तसंच वर-खाली. सगळ्यात शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा गोल फिरवून बघायचा, हे करायचं मेकॅनिक पण विसरतात, आमच्याकडे नुसतं तेवढ्याने आठ-नऊ पॉइंट वाढले. नट आवळताना क्वालिटी परत बघा, आवळतानाच डिश सरकते. आत एक माणूस टीव्हीसमोर आणि फोन स्पीकरवर ठेवा, आई आकडे वाचत होती, ३८, ५१, ६६, ७२. बहात्तरला थांबलो.

केबल मात्र नवी घेतली, आरजी-६, सत्तर फूट, एकसंध, मध्ये जोड नाही. जुन्या केबलचा एलएनबीकडचा कनेक्टर कापला तर आतली तार हिरवी झाली होती आणि वरची जाळी काळी. कोकणात, गोव्यात, समुद्राच्या बाजूला हे प्रत्येक घरात सापडेल. पाणी एकदा आत शिरलं की ते केबलच्या जाळीतून कित्येक फूट खाली उतरतं, त्यामुळे नुसता कनेक्टर बदलून उपयोग नाही, चकचकीत जाळी दिसेपर्यंत केबल कापत जा. नवा एफ कनेक्टर लावताना जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये, लागला तर शॉर्ट, बॉक्स एलएनबी शॉर्ट असं दाखवेल किंवा नुसताच बंद-चालू होत राहील. वर ताणून चिकटणारा रबराचा टेप गुंडाळायचा, साधा काळा वायरिंगचा टेप एका उन्हाळ्यात सुटतो. आणि एलएनबीच्या खाली केबलला एक लोंबता वेढा द्यायचा म्हणजे पाणी वेढ्याच्या तळाशी येऊन टपकतं, कनेक्टरकडे जात नाही. घरात शिरतानाही तसाच, भिंतीच्या भोकाच्या खालून वर आत न्यायची.

एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधू नका. मला माहितीये, सगळेच बांधतात, आमच्याकडे पण होती, दुधाची. आत वाफ धरते, कनेक्टर कायम ओला राहतो, आणि पुढच्या टोपणावर ओलं प्लास्टिक चिकटलं की तेही सिग्नल खातं. पुढचं टोपण तडकलं असेल तर एलएनबी बदलून टाका, त्याची दुरुस्ती होत नाही आणि तो महागही नाही. टोपणावर गांधीलमाशीनं घर केलंय का तेही बघा, शिडी लावायच्या आधी बघा.

आता बाकीची लक्षणं पटापट सांगते, आमच्याकडे नाही झाली सगळी पण नातेवाइकांकडे झाली.

फक्त दुपारी उन्हात जातो आणि रात्री उत्तम, तर बहुतेक एलएनबी म्हातारा झालाय, गरम झाला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते नाहीतर आतला सोल्डरचा डाग सुटतो. ओलं फडकं टाकून बघा, थंड झाल्यावर आला तर नक्की तोच.

निम्मेच चॅनेल गेलेत आणि निम्मे छान आहेत, तर डिश हलवू नका. बॉक्स केबलमधून एलएनबीला कधी १३ व्होल्ट तर कधी १८ व्होल्ट देतो, त्यावर एलएनबी उभ्या लाटा घ्यायच्या की आडव्या ते ठरवतो. अॅडाप्टर थकला की १८ पर्यंत पोचत नाही आणि तेवढ्याच बाजूचे चॅनेल जातात. मामींकडे असंच झालं, तीनदा डिश हलवून झाली, शेवटी १२ व्होल्टचा अॅडाप्टर बदलला. मिक्सर किंवा पंप लावला की बॉक्स बंद होऊन चालू होतो, तेही बहुतेक अॅडाप्टरच. सेटिंगमध्ये एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६००, एलएनबी पॉवर ऑन आणि २२ किलोहर्ट्झ ऑटो एवढं बघून घ्या, लहान मुलांच्या हातात रिमोट गेला की हे बदलतं.

दोन टीव्ही असतील आणि एकाच एलएनबीला साधा स्प्लिटर लावून दोन्ही चालवत असाल तर एकाने चॅनेल बदलला की दुसऱ्याचा जाऊ शकतो, कारण दोघं एकाच एलएनबीला वेगवेगळी ऑर्डर देऊ शकतात. दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वेगळ्या केबल, हा सरळ उपाय.

एखादा चॅनेलच गायब आणि बाकी सगळे क्वालिटीसकट उत्तम, आणि महिना एप्रिल, तर काही बिघडलेलं नाहीये. फ्री डिशवर खासगी चॅनेलच्या जागांचा लिलाव होतो, वर्ष १ एप्रिलपासून बदलतं, काही चॅनेल निघून जातात, काही नवे येतात, काहींची जागा बदलते. ऑटो स्कॅन करा. स्कॅन करूनही शेजाऱ्याकडे दिसतो आणि तुमच्याकडे नाही तर बॉक्स जुना एमपेग-२ वाला (चित्र पाठवायची जुनी पद्धत) असेल, काही चॅनेल एमपेग-४ मध्ये येतात, ते त्याला उघडत नाहीत.

आणि ५जीच्या टॉवरमुळे डिश बंद पडते असा मेसेज फिरतो. ५जी ७०० मेगाहर्ट्झ, ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढे आणि २६ गिगाहर्ट्झ अशा पट्ट्यांत आहे, घरच्या डिशचा केयू बँड त्यातल्या शेवटच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पण दोन्हीपासून लांब. टॉवरचा सांगाडाच तुमच्या डिशच्या बरोबर रेषेत उभा राहिला तर गोष्ट वेगळी, ते सावलीवरून कळेल.

शिडीबद्दल एवढंच की पावसाळ्यात कौलांवर, शेवाळलेल्या पत्र्यावर चढू नका, आप्पांना मी शपथ घातली आहे. विजेची तार डिशच्या हाताभर अंतरावरून जात असेल तर ते काम वायरमनचंच. वळिवाचे ढग आले की बॉक्सच्या मागची केबल काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आमच्या वाडीत एका घरात मे महिन्यात टीव्ही आणि बॉक्स दोन्ही गेले.

आमचा सगळा खर्च, केबल, एलएनबी, पाइप, सिमेंट, टेप मिळून अठराशे रुपयांच्या आत झाला, डिश आणि बॉक्स जुनेच. काम ऑक्टोबरात केलं आणि मी मुद्दाम एक पावसाळा थांबले, कारण ऑक्टोबरनंतर तर आमचा तसाही हळूहळू सुधारायचाच. २०२५ चा जून आला, सागाला पानं आली, आप्पांनी वही परत काढली. जून ते सप्टेंबर अकरा नोंदी, अकराही मुसळधार पावसाच्या, सगळ्यात मोठी बावीस मिनिटांची, आणि क्वालिटी कोरड्या दिवशी ७० च्या खाली एकदाही नाही. जुलैत एक दिवस सातला पाच मिनिटं असताना आप्पांचा फोन आला तेव्हा मी घाबरूनच उचलला, तर म्हणाले, "काही नाही गो, पाऊस मरणाचा पडतोय आणि तो दिसतोय, तेवढंच सांगायला केला. ठेवतो, बातम्या लागल्या."